गावच्या विहिरीच्या पाण्यासाठी फिल्टर कोणता? आरओ, यूव्ही की भलतंच काही?

लांज्याचा_नातू

नमस्कार मंडळी,

आई-बाबा डोंबिवलीचा ब्लॉक भाड्याने देऊन लांज्याजवळच्या घरी कायमचे राहायला गेलेत. घरची विहीर आहे, चिऱ्यात (जांभ्या दगडात) खणलेली. एप्रिलपर्यंत पाणी पुरतं, मे महिन्यात तळ दिसतो. म्हणून गेल्या वर्षी बोअर मारली. तिचं पाणी पंपातून येतं तेव्हा स्वच्छ असतं, पण बादलीत तासभर राहिलं की तांबूस होतं आणि वर तेलासारखा तवंग धरतो. मोरीत लाल डाग पडलेत, बाबांचे पांढरे लेंगे केशरी झालेत. पावसाळ्यात विहीर भरते, पण पाणी गढूळ असतं.

मागच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर विहिरीच्या पाण्यात बुडवला, आकडा आला ७८. मग दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेलं. सळया असलेलं एक यंत्र दोन्ही ग्लासांत सोडलं आणि बटण दाबलं. बघता बघता आमच्या ग्लासात हिरवट-काळपट गाळ तरंगायला लागला, त्याचं पाणी जसंच्या तसं. "हे तुम्ही रोज पिता," म्हणाला. आईने त्या दिवसापासून विहिरीचं पाणी तोंडाला लावलेलं नाही, जार मागवते. आरओ १८ हजार, देखभालीचा करार वेगळा.

घ्यावा का? आणि बोअरच्या लाल पाण्याचं काय करू? बजेट ४०-५० हजारांपर्यंत आहे. वीज दिवसाआड गायब असते, हेही लक्षात घ्या.

टवाळ

केशरी लेंगे? निवडणुका तोंडावर आहेत, बाबांना म्हणावं जपून.

सोसायटी_सचिव

सरळ आरओ घ्या, डोकं लावू नका. आम्ही पुण्याजवळ वाघोलीला राहतो. बोअर आणि टँकर मिळून टीडीएस ९०० च्या वर. आरओ नसता तर चहासुद्धा फाटला असता. १८ हजार जास्त वाटतात, १२ पर्यंत बसेल. घासाघीस करा.

रसायन_बाई

थांबा हो सचिव. आधी त्या सळयांच्या तमाशाबद्दल बोलते, मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय.

त्या यंत्रात एक सळई लोखंडाची असते, एक ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळईचं लोखंड विरघळून त्याचा गाळ होतो. ग्लासात दिसलेली घाण त्या माणसाच्या सळयांची आहे, तुमच्या विहिरीची नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पुन्हा आला तर त्याच्याच बाटलीतल्या पाण्यात आईंना चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि म्हणा, आता दाबा बटण. त्याचं पाणी तुमच्याहून काळं होईल.

टीडीएस मीटरचंही तेच. पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज करतो. जंतू, गढूळपणा त्याला दिसत नाहीत, आणि एकूण आकड्यात फ्लोराइड किती, लोखंड किती, तेही सांगता येत नाही. ७८ टीडीएसच्या पाण्यात कावीळ असू शकते आणि ९०० चं पाणी जंतूंच्या बाबतीत निर्धोक असू शकतं.

सोसायटी_सचिव

बाई, सळयांचं मान्य. पण आमच्याकडे आरओ लागतोच, तेही मान्य करा.

रसायन_बाई

केलं की. वाघोलीला लागतो. लांज्याला का लागावा, एवढंच विचारतेय.

भूजल_निवृत्त

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात. जरा विस्ताराने लिहितो.

वाघोली आणि लांजा यांची तुलनाच होत नाही. देशावर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्याच्या भेगांमध्ये पाणी मुरत राहतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं, जड होतं. कोकणात वरचा थर जांभ्याचा. जांभ्यातलं विरघळण्यासारखं जे होतं ते लाखो वर्षांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलंय, मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून तुमच्या विहिरीचं पाणी हलकं, टीडीएस कमी, आणि बहुतेक वेळा किंचित आम्लधर्मी. हा दोष आरओ काढत नाही, उलट वाढवतो.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ सर्वसाधारणपणे तीन लिटर फेकतो. मे महिन्यात तळ दिसणाऱ्या विहिरीवर हे परवडेल का, तुम्हीच ठरवा.

तवंगाची एक सोपी परीक्षा. काडीने हलवून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोखंडाचा आणि लोहजीवाणूंचा पापुद्रा. फिरून एकत्र आला तर तेल, मग पंपाचं सील तपासा.

पण यंत्राचा विचार नंतर. आधी पाणी तपासा. जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे, उपविभागीय प्रयोगशाळाही आहेत, फी फार नाही. विहीर आणि बोअर, दोन्हींचे वेगळे नमुने द्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, घरची धुतलेली चालत नाही. तो नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, फार तर चोवीस तासांत. लोखंडाच्या नमुन्यात आम्ल घालावं लागतं, ते तेच देतात. नाही घातलं तर लोखंड बाटलीच्या तळाला बसतं आणि अहवालात निम्मंच दिसतं. "पाणी लाल पण रिपोर्ट चांगला" अशा तक्रारी मी ढिगाने पाहिल्यात, निम्म्यांचं कारण हे.

लांज्याचा_नातू

काडीची परीक्षा आत्ताच बाबांना फोनवरून करायला लावली. तुकडे झाले. पुढच्या शनिवारी जातोय, नमुने घेतो. तोवर धागा चालू ठेवा.

जुन्या_वळणाचा

कसले रिपोर्ट आणि कसले फिल्टर. आमच्या पणज्यापासून एकाच विहिरीचं पाणी पितोय. पणजोबा नव्वदीत गेले, तेही माडावरून पडून. तुम्हा शहरी लोकांना पोटं उरली नाहीत.

टवाळ

नव्वदीत माडावर? काका, विहिरीचं पाणी बाटलीत भरून विका, आरओवाले देशोधडीला लागतील.

डॉ_मंजिरी

पणजोबांना नमस्कार. पण त्यांची लहानपणीच दगावलेली भावंडं किती, हेही घरात विचारून बघा. वाचले त्यांचेच दाखले दिले जातात.

मी चिपळूण भागात प्रॅक्टिस करते. दर पावसाळ्यात जुलाब, विषमज्वर आणि काविळीचे रुग्ण येतात, त्यांत घरच्या विहिरीचं पाणी पिणारे कमी नसतात. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गरोदर मुलीला मी पाणी उकळूनच प्यायला सांगते. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. कोमट करून "उकळलं" म्हणू नका.

आणखी एक. शुद्ध केलेलं पाणी हंड्यात ओतायचं आणि त्यात सगळ्यांनी पेला बुडवायचा, बोटांसकट, हे मी घरोघरी बघते. यूव्हीतून, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडलेल्या पाण्यात पुढे जंतू मारणारं काही शिल्लक नसतं. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा नाहीतर तोटीचा पिंप घ्या. या खर्चातून आरओ कंपनीला काही मिळत नाही, म्हणून ती सांगत नाही.

विहीरवेडा

डॉक्टरीणबाईंशी सहमत, पण यंत्रांच्या मागे लागण्याआधी विहिरीकडे बघा. कठडा आहे का? कठड्याभोवती ओटा आहे का, त्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का? वर जाळी आहे का? कपडे-भांडी विहिरीवरच धुता का? बहुतेक घाण वरून आणि कडेने येते. आमच्या विहिरीवर फणसाची पानं पडून पाण्याला वास यायचा. जाळी टाकली आणि मेमध्ये गाळ उपसला, अर्धं काम तिथेच झालं.

बोअरच्या लाल पाण्यासाठी तीन पिंपांची जुनी युक्ती आहे. पहिल्या पिंपाच्या झाकणाला शॉवरसारखी भोकं पाडायची, पाणी त्यातून धारांनी पडू द्यायचं. हवा लागली की विरघळलेलं लोखंड गंजतं आणि कण धरतं. दुसऱ्या पिंपात खाली जाडी खडी, वर बारीक खडी, वर वाळू. तिसरं पिंप साठवणीचं. वीज लागत नाही, सगळं मिळून पाच-सहा हजारांत होतं.

गढूळ पाण्याला तुरटी फिरवा. आमची आजी निवळीची बी सहाणेवर उगाळून हंड्यात घालायची, सकाळी गाळ तळाला. शेवग्याच्या बियांनीही होतं.

बोअर_पाटील

पिंपाची आयडिया चांगली, पण साठी ओलांडलेल्या माणसांनी वाळू धुवायची कुणी? पहिल्या वर्षी हौस असते, दुसऱ्या वर्षी पिंपात शेवाळ. नातू साहेब, आयर्न रिमूव्हल फिल्टर बसवा. उभी एफआरपीची (फायबर-प्लास्टिकची) टाकी, आत मँगनीज डायऑक्साइडचा मीडिया, म्हणजे लोखंड धरणारे दाणे, डोक्यावर पाण्याची दिशा बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. आठवड्यातून एकदा दांडा फिरवून बॅकवॉश, म्हणजे उलट पाणी सोडून धुणं, दहा मिनिटांचं काम. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात मी बरेच बसवलेत. मी विकतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको.

पूर्णाकाठचा

धागा कोकणाचा हाये, तरी लिहितो. आमी अकोल्याकडचे, खारपाणपट्ट्यातले. विहीर खणा का बोअर मारा, पाणी खारंच. अमरावती, अकोला, बुलडाणा, पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात सगळीकडं हीच कथा. टीडीएस हजारात. सोयरे आले का पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात अन् चहाच मागतात.

आमच्या घरी आरओशिवाय भागत नाही. पण खारं पाणी असलं का आरओ तीनापेक्षाही जास्त फेकतो. ते फेकलेलं पाणी संडासात, फरशी पुसायला. झाडाला घालाल तर झाड मरते. कोणी सॉफ्टनर विकायला आला तर घेऊ नका, त्यानं जडपणा जाते, खारटपणा जात नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, टीडीएस आहे तिथंच.

पांढरकवडेकर

यवतमाळ जिल्ह्यातून. आमच्या भागात फ्लोराइड आहे. पाणी दिसायला देखणं, चवीला गोड, वास नाही, टीडीएस ६०० च्या आसपास. आणि गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि पाठ आखडलेली. मानकात १ मिलिग्रॅम इष्ट, फार तर १.५. आमच्या बोअरचं ३ च्या वर आलं होतं.

डॉक्टरताईंनी उकळायला सांगितलं ते जंतूंसाठी बरोबर आहे, पण फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर उकळून फायदा शून्य. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. म्हणजे तीव्रता वाढते. यूव्हीनेही काही होत नाही. आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टर, नाहीतर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत, तुरटी आणि चुना घालून ढवळून निवळायची. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पिण्यापुरतं दुसऱ्या विहिरीचं पाणी आणणं. आमच्याकडे उथळ विहिरीत फ्लोराइड कमी आणि खोल बोअरला जास्त असं बऱ्याच गावांत आहे, आणि शासनाने हातपंप मारून मारून लोकांना विहिरीवरून बोअरवर आणलं.

डॉ_मंजिरी

पांढरकवडेकर, बरं झालं लिहिलंत. माझं वाक्य कोकणापुरतंच समजावं.

जर्सीकर

न्यू जर्सीत हंटर्डन काउंटीत राहतो. इथे घराला नळ नाही, बोअरवेल आहे, तीही माझी जबाबदारी. सरकारी पाणीपुरवठ्याला जे केंद्रीय कायदे आहेत ते खासगी विहिरीला लागू नाहीत. पण न्यू जर्सी राज्यात २००२ पासून कायदा आहे, विहिरीचं घर विकताना पाणी तपासून अहवाल दोन्ही पक्षांना द्यावाच लागतो. भाड्याने देणाऱ्यालाही ठरावीक वर्षांनी तपासावं लागतं. आमच्या भागातल्या खडकात आर्सेनिक आहे. देशाची मर्यादा १० मायक्रोग्रॅम, या राज्याची ५.

इथे "अख्ख्या घराचं" आणि "एका नळाचं" असा विचार वेगवेगळा करतात. माझ्याकडे अख्ख्या घराला गाळाचा फिल्टर आणि सॉफ्टनर, स्वयंपाकघराच्या नळाखाली आर्सेनिकसाठी छोटा आरओ. नातू, तुम्हीही तसाच विचार करा. लेंगे धुवायच्या पाण्याला यूव्हीची गरज नाही आणि प्यायच्या दहा लिटरसाठी मोठी टाकी नको.

जुन्या_वळणाचा

अमेरिकेत विहिरीचं पाणी पितात? मग आम्ही मागास कसे?

टवाळ

काका, त्यांच्याकडे माड नाहीत.

फोंड्याची_प्रिया

आमच्याकडेही जांभा, तसंच पाणी. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. आम्लधर्मी पाणी पाइप खातं. आमच्या गीझरच्या तांब्याच्या टाकीला बारीक भोक पडलं आणि बेसिनला निळे-हिरवे डाग. प्लंबर म्हणाला माल खराब. पीएच (७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) काढला तर ५.८! आता टाकीच्या आधी चुनखडीच्या दाण्यांचा, कॅल्साइटचा, सिलिंडर बसवलाय. दाणे हळूहळू विरघळतात, दरवर्षी भर घालावी लागते. डाग थांबले.

रात्रभर तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवून पिणाऱ्यांनीही आधी पीएच बघा. आंबट पाण्यात तांबं हवं त्यापेक्षा जास्त उतरतं.

सोसायटी_सचिव

अवांतर: जारच्या पाण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. नातूंच्या आई ते पितायत ना? बाटलीबंद पाण्याला २०२४ पर्यंत आयएस १४५४३ चा शिक्का सक्तीचा होता. गावोगाव "थंडगार जार" भरणाऱ्यांपैकी अनेकांकडे तो तेव्हाही नसायचा. जारवर कुठलंच लेबल नसेल तर विहिरीपेक्षा ते बरं आहे याचा पुरावा काय?

रसायन_बाई

सचिव, या धाग्यातला तुमचा हा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. (पहिल्याच्या मानाने तर फारच.)

लांज्याचा_नातू

अहवाल आले! जरा उशीर झाला, मधे पावसाने प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता बंद होता.

विहीर: पीएच ६.१, टीडीएस ७८, कठीणपणा ३२, गढूळपणा ६, लोखंड ०.२, नायट्रेट ९, फ्लोराइड ०.१. कोलिफॉर्म जंतू आहेत, त्यांतले ई. कोलायही आहेत.

बोअर: पीएच ६.६, टीडीएस १४०, कठीणपणा ७०, लोखंड ३.८, नायट्रेट २, फ्लोराइड ०.३. कोलिफॉर्म नाहीत.

सचिवांमुळे जार बघितला, त्यावर नुसतं गणपतीचं चित्र आहे. आईला सांगितलंय, तूर्त उकळून प्या.

भूजल_निवृत्त

अहवाल अगदी कोकणी आहे. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार यांची काळजी नाही, म्हणजे आरओचं एकही कारण उरलं नाही. विहिरीला जंतू, गढूळपणा आणि जरा कमी पीएच. बोअरला फक्त लोखंड. लोखंडाची मर्यादा पूर्वी ०.३ होती, २०१५ च्या दुरुस्तीत १.० केली. तुमचं ३.८. हे विषारी नाही, पण चव, डाग आणि पाइपात गाळ हे सगळं करतं. या बोअरवर थेट आरओ लावला असता तर आतला पडदा (मेंब्रेन) काही महिन्यांत लोखंडाने बुजून गेला असता.

विहीरवेड्यांच्या पिंपाबद्दल एक तांत्रिक अडचण. हवेने लोखंड गंजायचा वेग पीएचवर ठरतो, पीएच एका अंकाने खाली आला की वेग सुमारे शंभरपट मंदावतो. ६.६ ला नुसतं शॉवरमधून पाडून भागणार नाही, बरंचसं लोखंड वाळूतून पार होईल. पहिल्या पिंपात प्रियाताईंचे चुनखडीचे दाणे भरा, पाणी त्यावरून जाऊ द्या, मग हवा.

ई. कोलाय म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात येतेय. विहिरीपासून संडासाचा शोषखड्डा किती अंतरावर आहे? आणि चढाला की उताराला?

लांज्याचा_नातू

आमचा शोषखड्डा लांब आहे, उताराला. चुलत्यांचा मात्र चढाला, पन्नासेक फुटांवर. चार वर्षांपूर्वी बांधला.

टवाळ

आला! मूळ स्रोत सापडला. आता आरओ नको, वकील घ्या.

जुन्या_वळणाचा

यावर मात्र मी गंभीरपणे लिहितो. चुलत्यांशी पाण्यावरून बोलायचं तर अहवाल हातात घेऊन जाऊ नका, लाडू घेऊन जा. अहवाल दुसऱ्या भेटीत काढा. सामाईक गडग्यावरून आमच्याकडे दोन पिढ्या बोलणं बंद आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

भूजल_निवृत्त

पुस्तकात शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट दूर असावा असं आहे. पण जांभा सच्छिद्र, त्यात नळ्यांसारखी बिळं असतात, पावसाळ्यात पाणी त्यातून धावत येतं. चढाला असेल तर पन्नास फूट पुरत नाहीत. शोषखड्ड्याच्या जागी बंदिस्त सेप्टिक टाकी करून तिचं पाणी उताराला नेता आलं तर उत्तम. खर्च अर्धा वाटून घ्या, यंत्राच्या बजेटमधून.

डॉ_मंजिरी

ते होईपर्यंत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत टाकतो तीच पावडर. हिशेब सोपा आहे: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी होते, ताजी घ्या. बादलीत कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा, दोरीने वरखाली करून मिसळा. संध्याकाळी टाका, सकाळी पाणी काढा. ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या) पिवळा रंग आला पाहिजे.

बोअर_पाटील

फक्त बोअरच्या टाकीत तशीच टीसीएल टाकू नका. ३.८ लोखंडात क्लोरीन पडलं की पाणी चहासारखं होईल, आई पुन्हा घाबरतील.

भूजलवाल्या साहेबांचं पीएचचं बरोबर आहे. माझ्या मीडियालाही पीएच कमी चालत नाही, सातच्या आसपास लागतो. म्हणून आधी कॅल्साइटची टाकी, मग लोखंडाची. दोन्ही मिळून ३० च्या आत बसवता येतील, स्थानिक माणसाकडून. लांजा मला लांब पडतं, ऑर्डर मागत नाही.

विहीरवेडा

३० हजार! माझी तीन पिंपं, वर चुनखडी धरून, सातच्या आत. आणि वाळू लाल झाली की काम वाढतं, कमी होत नाही. गंजाचा थर बसलेल्या वाळूवर नवीन लोखंड लवकर चिकटतं. पाटील, तुमच्या टाकीतही शेवटी तेच होतं.

बोअर_पाटील

होतं, मान्य. पण पिंपाला बॅकवॉश नाही आणि गड्याला मजुरी आहे.

जर्सीकर

दोघेही बरोबर आहात. मेपुरतीच बोअर वापरायची असेल तर पिंप, वर्षभर तिच्यावर राहायचं असेल तर टाकी.

लांज्याचा_नातू

जर्सीकर, आमची बोअर दोन-अडीच महिनेच चालते, बाकी वर्ष विहीर. म्हणून पिंपं करतो, गावात गडी आहे. विहिरीला जाळी, ओटा आणि टीसीएल. स्वयंपाकघरात गाळाचा फिल्टर, मग यूव्ही, तोही छोट्या इन्व्हर्टरवर. वीज गेलीच तर उकळणं. तोटीचा पिंप आईने आधीच आणलाय. आरओवाल्याला फोन करून नको म्हटलं, तर म्हणतो, "मग मिनरलवाला मॉडेल घ्या."

चुलत्यांकडे गणपतीत जाणार आहे, लाडवांसकट.

रसायन_बाई

यूव्हीआधी गाळाचा फिल्टर ५ मायक्रॉनचा घ्या. गढूळ पाण्यात कणांच्या आड जंतू लपतात, प्रकाश पोचत नाही. दिव्याचं आयुष्य साधारण वर्षाचं. जळत दिसला तरी बदला, निळा उजेड राहतो पण जंतू मारायची ताकद कमी होते. दिव्याभोवतीची काचेची नळी अधूनमधून पुसायला सांगा.

विहीरवेडा

पिंपाचं माप आणि थरांचं चित्र व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. वाळू नदीची घ्या, खाडीची नको, खारट असते. पहिले आठ-दहा दिवस पाणी झाडांना सोडा, मग पुन्हा लोखंड तपासा.

भूजल_निवृत्त

आणि वाळू धुतल्यावरचं लाल पाणी माडाच्या आळ्यात सोडा, चालतं. फक्त विहिरीच्या चढाला असलेल्या माडाला नको. विहिरीचा पुढचा जंतूंचा नमुना पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला घ्या, पहिल्या मोठ्या पावसानंतर. मे महिन्यातला अहवाल चांगला येतो आणि त्याने काही कळत नाही.